पुरुषमंडळी, दवाखान्याची पायरी चढा!

चिक्कडपल्लीतले आमचे निवृत्त सभासद लायब्ररीत तीन-तीन पेपर वाचतात, सरकारवर तावातावाने बोलतात; पण बीपी शेवटचे कधी तपासले, असे विचारले की "मला काय धाड भरलीय?" हे ठरलेले उत्तर. बायकोच्या गोळ्यांच्या वेळा मात्र तोंडपाठ! रात्री चार-चारदा लघवीला उठतात, पण डॉक्टरला सांगायची लाज. प्रोस्टेट वाढले की असे होते, त्यावर औषधही आहे. घरात विषयच निघत नाही.

दोष एकट्या आमचा नाही. २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना आयुष्मान कार्डावर कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण ते इस्पितळात भरती झाल्यावर. म्हणजे आधी आडवे व्हा! २०१८ साली सुरू झालेल्या बस्ती दवाखान्यांत बीपी, शुगर फुकट तपासतात, रक्ताचे नमुनेही घेतात. तिथे पन्नाशीपुढच्या पुरुषांसाठी आठवड्यातून एक संध्याकाळ राखून ठेवावी, म्हणजे दुकानदार-नोकरदारांनाही जाता येईल, अशी आमची मागणी आहे. मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवारापुढे आम्ही ती ठेवणार. सोबत येणाऱ्या सभासदांनी मात्र आधी स्वतःची शुगर तपासून घ्यावी.