ताकाला जाऊन भांडे का लपवावे?

दहावी-बारावीचे निकाल लागले की अनेक घरांत लॅपटॉपचा विषय निघतो. पाल्य म्हणते, "अभ्यासासाठी हवा." वडीलधारी मंडळी मान डोलावतात. पाल्याच्या मनात मात्र खेळही असतो आणि पालकांनाही ते ठाऊक असते; पण तो शब्द कोणीच उच्चारत नाही. ताकाला जाऊन भांडे लपविण्याचा हा प्रकार वरकरणी निरुपद्रवी वाटतो. प्रत्यक्षात लाखाच्या घरातील खरेदी त्यामुळेच फसते.

बँकेत कर्जाचा अर्ज भरताना 'प्रयोजन' असा एक रकाना असतो. तो खरा भरला, तरच रक्कम, मुदत आणि हप्ता यांचा मेळ बसतो. घरातील खरेदीलाही हाच न्याय लावावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मध्यम किमतीचा गेमिंग लॅपटॉप ही कुटुंबासाठी समंजस खरेदी ठरू शकते. मात्र खेळ हे तिचे एक प्रयोजन आहे, हे आधी मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

आज साधारणपणे पाऊण लाख ते सव्वा लाख रुपयांत मिळणारे यंत्र 'मध्यम' म्हणता येईल. साध्या लॅपटॉपहून त्याचे वेगळेपण म्हणजे त्यातील स्वतंत्र ग्राफिक्स प्रोसेसर आणि त्या प्रोसेसरची स्वतःची स्मृती, बहुधा ६ किंवा ८ जीबी. साध्या पडद्यावर चित्र सेकंदाला ६० वेळा बदलते, तर येथे ते १४४ वेळा किंवा त्याहून अधिक बदलू शकते. ही शक्ती केवळ खेळापुरती नसते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याचे त्रिमिती आराखडे, स्थापत्याच्या विद्यार्थिनीची प्रतिकृती, समारंभाच्या चित्रफितीचे संपादन ही सर्व कामे त्यावर झपाट्याने होतात. दिवसा काम आणि रात्री विरंगुळा, असे दोन्ही एकाच यंत्राने साधते.

बदलीच्या नोकरीतील कुटुंबांना याचे महत्त्व विशेष जाणवावे. तेवढ्याच पैशांत टेबलावरचा संगणक अधिक शक्तिशाली मिळतो, हे खरे. पण दर काही वर्षांनी नागपूरहून भोपाळला किंवा बेळगावहून हैदराबादला बिऱ्हाड हलविणाऱ्यांना त्याचे ओझे परवडत नाही. शिवाय वीज गेली तरी लॅपटॉपवर सुरू असलेले काम वाया जात नाही.

आता दुसरी बाजू. या यंत्राचे वजन सहसा दोन ते अडीच किलो असते; त्याचा जाडजूड अडॅप्टर वेगळाच. विजेच्या जोडणीविना खेळल्यास वेग घटतो आणि बॅटरी तास-दीड तासातच मान टाकते. पंख्यांचा आवाज शेजारी बसलेल्याला ऐकू जातो. ज्यांना रोज लोकलच्या गर्दीतून लॅपटॉप न्यायचा आहे, किंवा ज्यांचे काम पत्रव्यवहार, नेट बँकिंग आणि चित्रपट एवढ्यापुरतेच आहे, त्यांनी या वाटेला जाऊ नये. निम्म्याहून कमी किमतीचे हलके यंत्र त्यांना पुरेसे आहे.

प्रयोजन लपविल्याने काय होते, ते आता पाहू. 'अभ्यासासाठी' म्हणून देखणा, पातळ लॅपटॉप घेतला जातो. त्यावर खेळ चालविले जातात. तो तापतो, रखडतो आणि वर्षभरातच नव्या यंत्राची मागणी पुढे येते. खेळाचा उल्लेख झाला असता, तर विक्रेत्याला नेमके प्रश्न विचारता आले असते. उदाहरणार्थ, ग्राफिक्स प्रोसेसरचे नाव एकच असले तरी त्याला मिळणारी वीज प्रत्येक यंत्रात सारखी नसते. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०५० या लॅपटॉपसाठीच्या प्रोसेसरला निर्मात्याच्या रचनेनुसार ३५ पासून ११५ वॉटपर्यंत वीज दिली जाऊ शकते, आणि त्यानुसार कामगिरी बरीच बदलते. नावाबरोबर वॉटही विचारावेत. ग्राफिक्स प्रोसेसर मुख्य फलकावर कायमचा जोडलेला असतो व पुढे बदलता येत नाही. रॅम आणि साठवण मात्र बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्ये नंतर वाढविता येते. म्हणून खिसा आखडता घ्यावा लागला, तर तो साठवणीत घ्यावा, प्रोसेसरमध्ये नव्हे. रंगीबेरंगी दिव्यांसाठी जादा पैसे मोजण्याचे तर काहीच कारण नाही.

खर्चाचा हिशेबही उघडपणे मांडावा. ९०,००० रुपयांचे यंत्र पाच वर्षे वापरले, तर दरमहा १,५०० रुपये पडतात. रोज तीन तास खेळताना सरासरी १५० वॉट वीज लागली, असे धरले तर महिन्याला साडेतेरा युनिट होतात. विजेचा बोजा फार नाही. खरा प्रश्न यंत्र पाच वर्षे टिकविण्याचा आहे. गादीवर किंवा उशीवर ठेवून खेळल्यास खालची हवेची वाट बंद होते आणि उष्णता आत कोंडते. विदर्भाच्या उन्हाळ्यात तर हे विशेष जपावे. लिथियम-आयन बॅटरी सतत पूर्ण भारित आणि गरम राहिली, तर लवकर म्हातारी होते. टेबलाजवळ वापर असताना भारणाची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवण्याची सोय अनेक यंत्रांत असते, ती वापरावी.

'विनाव्याज हप्ता' या शब्दाला सुज्ञ ग्राहकाने भुलू नये. शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. रोखीने घेतल्यास ५,००० रुपयांची सूट मिळत असेल आणि हप्त्याने घेतल्यास ती मिळत नसेल, तर ते ५,००० रुपये हेच व्याज होय. क्रेडिट कार्डावरील हप्त्यांत प्रक्रिया शुल्क आणि व्याजाच्या भागावरील वस्तू व सेवा कर यांचीही बेरीज करावी. हप्ता घेण्यात गैर काही नाही; तो न समजता घेणे गैर आहे.

आणखी एक मुद्दा सुरक्षिततेचा. ज्या यंत्रावर मुले खेळतात, त्यावरच पालक खात्याची शिल्लक पाहतात. फुकट मिळालेल्या चोरट्या खेळांबरोबर पासवर्ड पळविणारी हेरगिरीची प्रणाली शिरू शकते. मग पाचशे रुपये वाचविण्याच्या नादात आयुष्याची पुंजी धोक्यात येते. खेळ अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावेत. तेथे सवलतीचे हंगाम वरचेवर येतात. मुलांसाठी मर्यादित अधिकारांचे वेगळे खाते उघडावे आणि खेळाच्या दुकानात कार्डाचा तपशील साठवून ठेवू नये. फसवणूक झालीच, तर विलंब न लावता आपल्या बँकेला कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

"पण खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय आणि जुगाराची पहिली पायरी," असा आक्षेप घेतला जाईल. तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. पण खेळ आणि जुगार यांतील सीमारेषा आता कायद्यानेच आखली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्यात पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदीची आणि बँकांनी असे व्यवहार न करण्याची तरतूद आहे. ई-क्रीडेला मात्र त्याच कायद्याने प्रोत्साहन दिले आहे. २०२३ मध्ये हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई स्पर्धेत ई-क्रीडेला पदके होती. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा 'राजी' हा २०२० मधील खेळ तर प्राचीन भारताच्या पार्श्वभूमीवर भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची कथा सांगतो. त्यात चित्रकला, संगीत आणि कथाकथन या सर्वांचे कसब एकवटले आहे. मुलांच्या हाती काय आहे, हे पालकांनी शेजारी बसून एकदा पाहिले, तर निम्मी भीती आपोआप ओसरेल.

वेळेचा प्रश्नही मोकळेपणानेच सुटतो. ज्या खेळाला घरात नाव नाही, त्याला वेळापत्रकही नसते. तो दार लोटून, रात्री उशिरा खेळला जातो. ज्या खेळाला मान्यता आहे, त्याचे तास ठरविता येतात आणि परीक्षेच्या दिवसांत ते कमीही करता येतात. हे बंधन मोठ्यांनाही लागू असावे, कारण दिवसभर काउंटर सांभाळून घरी आलेल्यालाही तासभर विरंगुळा हवासा वाटतोच.

म्हणून वाचकहो, दुकानात जाण्यापूर्वी घरातील सर्वांनी एकदा एकत्र बसावे. कोण कशासाठी आणि किती वेळ वापरणार, रक्कम कोठून येणार आणि यंत्राची निगा कोण राखणार, हे कागदावर उतरवावे. प्रयोजनाच्या रकान्यात अभ्यास आणि काम यांच्या शेजारी 'खेळ' हा शब्दही निःसंकोचपणे लिहावा. त्यानंतर जे यंत्र घरी येईल, ते साधे असो वा गेमिंगचे, त्याचा पश्चात्ताप करण्याची वेळ सहसा येणार नाही.