‘मेड इन यू. एस. ए.’ : उल्हासनगर, नक्कल आणि बेस गिटार (दीर्घ थ्रेड)

१/ मुंबई-ठाणे पट्ट्यात एक विनोद कित्येक दशके चालत आला आहे. वस्तूवर ‘मेड इन यू. एस. ए.’ असे छापलेले असेल तर त्याचा अर्थ अमेरिका नव्हे, ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’! कॅम्प २ मधल्या एखाद्या बेसवादकाने ओळखीच्या सुताराकडून स्पीकरचा खोका करून घेतला, की हाच विनोद त्याच्या वाट्याला येतो. पाठोपाठ सल्लाही येतो : पैसे साठव, अमेरिकी बेस घे, अमेरिकी ॲम्प घे, मगच स्टेजवर चढ. हा विनोद आणि हा सल्ला, दोन्ही इतिहासाच्या अज्ञानातून आले आहेत.

२/ आधी गावाविषयी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्करासाठी छावण्या उभारल्या गेल्या. फाळणीनंतर त्या रिकाम्या बराकींत सिंधमधून आलेल्या नव्वद हजारांहून अधिक निर्वासितांना आसरा देण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या वसाहतीची कोनशिला बसली आणि शेजारच्या उल्हास नदीवरून तिला नाव मिळाले. ‘कॅम्प’ हा शब्द मात्र गेला नाही. पत्त्यात बराकीचा क्रमांक आजही लिहिला जातो.

३/ या माणसांजवळ जमीन नव्हती, भांडवल नव्हते, आयातीचा परवाना तर स्वप्नातही नव्हता. बाजारात खपणारी वस्तू आणावी, खोलून पाहावी, मिळेल त्या सामानातून तशीच घडवून दोन पैसे कमी दराने विकावी, हा मार्ग त्यांनी धरला. त्यात काहींनी खोटी लेबलेही चिकटवली. ते नाकारणे म्हणजे इतिहासाशी लबाडी होय. परंतु नक्कल आणि बनावट या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्याची रचना पाहून वस्तू करणे व ती स्वतःच्या नावाने विकणे ही नक्कल. दुसऱ्याचे नाव लावून विकणे ही बनावट. उल्हासनगरवरचा विनोद हा भेद जाणूनबुजून पुसतो. विलायती नाममुद्रांच्या बाबतीत मात्र तो भेद कोणी पुसत नाही.

४/ लिओ फेंडर या रेडिओ-दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थाने १९५१ मध्ये कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला. त्याच्या जोडीला १९५२ मध्ये ‘बेसमन’ हा ॲम्प आला. आरंभी त्यात १५ इंची एकच स्पीकर होता. पुढे १० इंची चार स्पीकर आले. गंमत अशी, की बेससाठी घडवलेला हा ॲम्प साध्या गिटारवाल्यांनीच अधिक उचलला.

५/ आता लंडनकडे वळू. १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये अमेरिकी वाद्यांच्या आयातीवर निर्बंध होते. ते उठल्यावरही किमती सामान्य वादकाच्या आवाक्याबाहेरच राहिल्या. हॅनवेल भागात जिम मार्शल यांचे वाद्यांचे दुकान होते. त्यांच्या तंत्रज्ञांनी, केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी, १९६२-६३ च्या सुमारास ‘बेसमन’चे सर्किट समोर ठेवून जवळपास तसाच ॲम्प तयार केला. अमेरिकी भाग महाग किंवा दुर्मीळ होते म्हणून सेलेस्टियनचे स्पीकर आणि ब्रिटनमध्ये सहज मिळणारे व्हॉल्व्ह बसवले. त्यामुळे आवाज बदलला. ज्या ‘मार्शल’ आवाजाला जग रॉकचा अस्सल आवाज मानते, तो असा आयात परवडत नसलेल्या बाजारात, स्थानिक सामानातून, नकलेच्या पोटी जन्मला. मार्शल यांनी त्यावर फेंडरचे नाव घातले नाही, स्वतःचे घातले. हॅनवेलच्या दुकानदाराला जग प्रवर्तक म्हणते. कॅम्प २ च्या कारागिराला डुप्लिकेटवाला.

६/ जपानची कथा तर याहून बोलकी. १९७० च्या दशकात जपानी कारखाने अमेरिकी गिटारींच्या हुबेहूब प्रती काढत होते. १९७७ मध्ये गिब्सनची मालक कंपनी नॉर्लिन हिने आयबानेझची अमेरिकेतील वितरक एल्गर कंपनीवर खटला भरला. खटल्याचा विषय लाकूड, तारा वा आवाज नव्हता. भांडण होते गिटारीच्या डोक्याच्या आकारावर, म्हणजे लांबून ओळख पटवणाऱ्या खुणेवर! पुढे ते न्यायालयाबाहेर मिटले.

७/ फेंडर कंपनी १९६५ मध्ये सी. बी. एस. ने विकत घेतली होती. नंतरच्या वर्षांत तिच्या मालाची प्रत घसरल्याची तक्रार वादक करीत राहिले आणि जपानी प्रती सरस ठरू लागल्या. तेव्हा फेंडरने १९८२ मध्ये जपानी भागीदारांसह ‘फेंडर जपान’ काढली व त्याच जपानी कारागिरांकडून आपल्या नावाचा माल करवून घेतला. १९८५ मध्ये सी. बी. एस. कडून कंपनी बाहेर पडली तेव्हा फुलर्टनचा कारखाना व्यवहारात नव्हता. काही काळ अमेरिकी दुकानांतल्या नव्या फेंडरही मुख्यतः जपानहून येत. कालची नक्कल आज अस्सल ठरली ती नाममुद्रेच्या मालकाने करार केल्यामुळे. कारागिरी आदल्या दिवशी होती तीच दुसऱ्या दिवशी होती.

८/ आणि नक्कल फसली तर? रोलंड कंपनीने १९८१ मध्ये ‘टी. बी. ३०३’ हे छोटे यंत्र काढले. बेसवादक हजर नसेल तर त्याची जागा भरणे हा त्याचा हेतू. ते बेस गिटारसारखे मुळीच वाजले नाही. १९८४ मध्ये उत्पादन थांबले. परंतु मुंबईच्या चित्रपटसंगीतात वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्येच त्या यंत्रावर, सोबतीला ‘टी. आर. ८०८’ आणि ‘ज्युपिटर ८’ घेऊन, डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग ध्वनिमुद्रित केले. शिकागोच्या ‘फ्यूचर’ या त्रयीची ‘ॲसिड ट्रॅक्स’ १९८७ ची. फसलेल्या नकलेतून नवे संगीत निघू शकते, हे मुंबईत पाच वर्षे आधी दिसले होते. तेव्हा फारसे कोणी ऐकले नाही, ही गोष्ट वेगळी.

९/ जाता जाता : गणेशोत्सवात गल्लोगल्ली वाजणारा ‘बेंजो’ही अमेरिकी बॅन्जो नव्हेच. जपानमध्ये १९१२ मध्ये निघालेल्या ताइशोगोतो या कळीच्या तंतुवाद्याचा तो भारतीय अवतार, बुलबुलतरंगाचा भाऊ. नाव उसने, बांधणी उसनी, आणि तरीही त्याच्याइतके ठाणे-मुंबईचे वाद्य दुसरे दाखवणे कठीण.

१०/ हा इतिहास डोळ्यांपुढे ठेवून बेसवादकाच्या खरेदीकडे पाहावे. ‘आधी अमेरिकी घे’ हा सल्ला देणारे ज्या ॲम्पचे नाव घेतात, तो ॲम्पेगचा ‘एस. व्ही. टी.’ १९६९ चा, ३०० वॉटचा. तो मोठमोठ्या मैदानांवरील जलशांसाठी घडवला गेला. रोलिंग स्टोन्सने त्याच वर्षीच्या दौऱ्यात तो वापरला. नुसत्या ॲम्पचे वजन चाळीस किलोच्या घरात, आठ स्पीकरांचा खोका साठ किलोंच्या वर. उल्हासनगर स्थानकातून दादरला कार्यक्रमासाठी निघालेल्या मुलाने हे लोकलच्या लगेजच्या डब्यात कसे चढवावे, हे सल्लागार सांगत नाहीत. आज ‘क्लास डी’ पद्धतीचे तीनशे-पाचशे वॉटचे ॲम्प दोन-तीन किलोंत मिळतात आणि पाठीवरच्या पिशवीत मावतात. लग्नाच्या हॉलला आणि गोल मैदानातल्या मंडपाला ते पुरून उरतात.

११/ खोक्याचे म्हणाल, तर त्यात गूढ काही नाही. नेव्हिल थील या ऑस्ट्रेलियन अभियंत्याने १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी पुढच्या दशकात स्पीकर व खोका यांचे गणित मांडून ठेवले. चांगल्या स्पीकरच्या माहितीपत्रकात ते आकडे छापलेले असतात. त्यांवरून खोक्याचे आतले घनफळ आणि हवा जाण्याच्या भोकाचे माप काढता येते. बेसची सर्वांत जाड तार, ‘ई’, सुमारे ४१ हर्ट्झवर वाजते. तिला जागा, कडकपणा आणि हवाबंद सांधे लागतात, छापील नाव लागत नाही. जे गाव आपल्या फर्निचर बाजारासाठी ओळखले जाते, तिथल्या सुताराला मापे हातात दिली तर चांगल्या प्लायचा, आतून आडव्या पट्ट्या ठोकलेला खोका तो का करू शकणार नाही? भुशाच्या स्वस्त बोर्डाचा मात्र करू नये. एका पावसाळ्यात तो फुगतो. खोका ८ ओहमचा ठेवावा. ॲम्पला ४ ओहम चालत असतील, तर पुढे तसाच दुसरा खोका जोडता येतो.

१२/ बेस गिटार जपानी, कोरियन, इंडोनेशियन वा चिनी, कोणतीही असो. मान सरळ आहे का, प्रत्येक पडद्यावर स्वर नेमका येतो का, खुंट्या सैल पडतात का, एवढे पाहावे. १९७६ च्या ‘स्टिंगरे’पासून बॅटरीवर चालणारे ‘ॲक्टिव्ह’ बेस रूढ झाले. त्यांचा आवाज जोरकस खरा, पण बॅटरी नेमकी मुख्य गाण्यात संपते. महिन्यात आठ लग्ने वाजवणाऱ्याने पहिला बेस बॅटरीविना चालणारा घ्यावा. आणि ज्याच्या डोक्यावर परक्या कंपनीचे खोटे नाव आहे, तो कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. तिथे फसवणूक आहे, आणि उद्या तो विकताना घेणारा स्वतःच त्या फसवणुकीचा भागीदार होतो.

१३/ पेडलांच्या बाबतीत तर नाममुद्रांचे वेड टोकाला गेले आहे. चार-चार ओव्हरड्राइव्ह घेणाऱ्या कित्येकांजवळ साधा डी. आय. बॉक्स नसतो. बेसचा सिग्नल मिक्सरपर्यंत स्वच्छ नेणारी ती डबी आणि एक ट्यूनर, इतक्यावर बहुतेक कार्यक्रम निभावतात. तिसरे घ्यायचे तर कॉम्प्रेसर. बाकी सारे हौसेचे. हौसेला कोणाची मनाई नाही, पण तिला गरज म्हणू नये.

१४/ कारण खरी गरज दुसरीकडेच आहे. ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्सी येथे ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वी कार्यक्रमात विजेचा धक्का बसून मरण पावला. अर्थिंग सदोष असलेल्या मायक्रोफोनला त्याचा हात लागला होता. एका हाताखाली गिटारीच्या धातूच्या तारा, दुसऱ्या हाती माइक : शरीरातून वीज जायला वाट तयार. आपल्याकडे २३० व्होल्ट, मंडपातले जनरेटर, उघड्या जोडण्या आणि पावसाने भिजलेली जमीन. स्पीकरमधून गुणगुण येते म्हणून प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाकणारे महाभाग प्रत्येक गावात सापडतात. गुणगुण थांबवण्यासाठी डी. आय. बॉक्सवर ‘ग्राउंड लिफ्ट’चे बटण असते. ते फक्त सिग्नलच्या तारेतला जोड तोडते, विजेचे अर्थिंग शाबूत राहते. पिन तोडली की संरक्षणच जाते.

१५/ म्हणून अमेरिकी नावासाठी साठवलेल्या रकमेतून आधी तीन पिनांचा धड एक्स्टेंशन बोर्ड, अर्थिंग तपासणारे सॉकेट-टेस्टर आणि गळती होताच वीज तोडणारे आर. सी. सी. बी. घ्यावे. स्थानिक बनावटीच्या ॲम्पवर आक्षेप घ्यायचाच असेल, तर तो इथे घ्यावा : आतील लोखंडी पेटीला अर्थ जोडली आहे का, फ्यूज योग्य आहे का, ट्रान्सफॉर्मर तापतो का. हे प्रश्न कोणी विचारत नाही. विचारतात ते एवढेच, की वर नाव कोणाचे आहे.

१६/ ‘अस्सल वस्तूला पुनर्विक्रीची किंमत येते’ हा एक युक्तिवाद उरतो. येते, यात शंका नाही. पण ती कानांनी ठरवलेली किंमत नव्हे, बाजाराने नावाला दिलेली आहे. गुंतवणूक करायची असेल त्याने खुशाल करावी. उद्या संध्याकाळी सातला स्टेजवर उभे राहायचे आहे, त्याचा हिशेब वेगळा.

१७/ राहिला प्रश्न उल्हासनगरच्या कारागिरांचा. त्यांच्या बाजूनेही एक गोष्ट व्हायला हवी. मार्शल यांनी पहिल्या ॲम्पांवर स्वतःचे आणि मुलाचे नाव गोवले : ‘जे. टी. एम.’ म्हणजे जिम व टेरी मार्शल. कॅम्प २ मधून निघणाऱ्या स्पीकरच्या खोक्यांना बहुधा नावच नसते. असलेच तर परके. खोक्याच्या मागच्या फळीवर करणाऱ्याचे नाव, वर्ष, स्पीकरचे ओहम व वॉट, आणि खाली ठळक अक्षरांत पत्ता : बराक क्रमांक, कॅम्प २, उल्हासनगर.