बाळंतिणीला औषध दिल्यावर पुन्हा विचारलं का?

बाळंतिणीच्या फाईलमध्ये नर्सिंग केअर प्लॅनचा एक कागद असतो. तक्रार काय, काय करायचं ठरलं, काय केलं आणि त्याचा परिणाम काय झाला, असे त्यात रकाने असतात. तुम्ही तो कधी पाहिला नसेल. पाहिलात तर शेवटचा रकाना नीट बघा. बहुतेक वेळा तिथे ‘दुखणे कमी’ एवढंच लिहिलेलं असतं, आणि माझा आक्षेप तिथेच आहे.

अमेरिकेत येल विद्यापीठात शिकवणाऱ्या अर्नेस्टीन वीडेनबाख या स्वतः प्रशिक्षित सुईण होत्या. १९६४ साली त्यांनी शुश्रूषेविषयीचा आपला विचार पुस्तकरूपाने मांडला. तो तसा साधा आहे. रुग्णाला कसली मदत हवी आहे ते ओळखा, ती मदत द्या, आणि तिचा उपयोग झाला का याची रुग्णाकडूनच खात्री करून घ्या. पहिल्या दोन गोष्टी आपल्याकडे होतात. तिसरी राहून जाते.

समजा, तुमच्या मुलीची नॉर्मल डिलिव्हरी झाली, टाके पडले. दोन तासांनी ती म्हणाली, “खाली फार दुखतंय.” सिस्टरने गोळी दिली, नोंद केली. सगळं नियमाप्रमाणे झालं. पण तासाभराने दुखणं वाढलं असेल, संडासला लागल्यासारखा दाब जाणवत असेल, लघवी होत नसेल, तर टाक्यांच्या आत रक्त साठून गाठ होत असण्याची शक्यता असते. रक्त आतच साठतं, त्यामुळे पॅड जवळजवळ कोरडं दिसतं आणि सगळे निर्धास्त राहतात. नाडी वेगाने चालू लागते, चक्कर येते, तोवर बराच उशीर झालेला असू शकतो. “गोळीने बरं वाटलं का गं?” हा एक प्रश्न वेळेवर विचारला असता तर हे आधीच कळलं असतं.

यात सगळा दोष सिस्टरचा नाही. एका पाळीत एकटीने अख्खा वॉर्ड सांभाळणारी बाई परत फिरून येणार कधी? (आणि “सगळ्यांनाच दुखतं, सहन कर” म्हणणाऱ्या नातेवाईक बायकाही तिथेच असतात, हेही सांगायला हवं.) केंद्र सरकारच्या २०१८ च्या मिडवाइफरी मार्गदर्शक सूचनांमध्ये निवडक नर्सना १८ महिन्यांचं प्रशिक्षण देऊन सुईणसेवा उभी करायचं ठरलं आहे. ते चांगलंच आहे. पण मनुष्यबळ न वाढवता नुसते रकाने वाढवले, तर तेही घाईघाईत भरले जातील, एवढंच.

तोवर तुम्ही बाळंतिणीजवळ असाल तर औषध दिल्याची वेळ लक्षात ठेवा. अर्ध्या-पाऊण तासाने तिलाच विचारा. दुखणं कमी न होता वाढत असेल, तर पॅड कोरडं असलं तरी सिस्टरला बोलवा आणि “डॉक्टरांनी एकदा तपासावं” असं स्पष्ट सांगा. रात्रीचे दोन वाजले असले तरी संकोच करू नका.