आठ आणे कोणाच्या खिशात?

५० पैशांचे नाणे चलनातून काढून घ्यावे काय, हा प्रश्न शहरी सुशिक्षितांच्या बैठकीत अधूनमधून निघतो आणि दोन मिनिटांत निकालात निघतो. त्या नाण्याला काही येत नाही, दुकानदार ते घेत नाही, देवळापुढचा भिकारीसुद्धा ते परत करतो, धातूचा आणि वाहतुकीचा खर्च मात्र सरकारच्या माथी बसतो. तेव्हा जावे ते एकदाचे, असा तो निकाल. तो देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी गेल्या कित्येक वर्षांत अधेली हातात धरलेली नसते. ज्यांच्या व्यवहारातून एखादी वस्तू केव्हाच गेली, त्यांनीच ती इतरांच्या व्यवहारातूनही जावी असे ठरवायचे, ही या देशाच्या अर्थकारणातील जुनी रीत आहे. वास्तविक वाद नाण्याचा नाहीच. नाणे गेल्यावर हिशेबात जे उरते ते कोणी ठेवून घ्यायचे, हा वाद आहे, आणि नेमका तोच टाळून चर्चा पुरी केली जाते.

अधेली आज सर्वांत लहान नाणे ठरली ती २०११ पासून. त्या वर्षीच्या ३० जूनला पावली आणि तिच्याखालची सारी नाणी कायद्याने बाद झाली. बदलून घेण्याची सोय होती, पण ती लहान नाण्यांचे भांडार असलेल्या बँकशाखांतून आणि ठरलेल्या मुदतीत. डब्यात, गाडग्यात, देव्हाऱ्याखाली जमवलेली चिल्लर घेऊन एक दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला जाणे कोणाला परवडणार होते? ती चिल्लर होती तिथेच राहिली. नाणे हे सरकारचे देणे असते; जे परत आले नाही तेवढ्या देण्यातून सरकार मोकळे झाले. एवढे होऊनही रिझर्व्ह बँकेच्या हिशेबात सुमारे ७०० कोटी रुपयांची लहान नाणी अजून लोकांकडे आहेत. अधेली बाद करण्याचा हुकूम निघेल त्या दिवशी या रकमेपैकी किती परत येईल आणि किती गडप होईल, याचा अंदाज बांधायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

याच्या उलट उदाहरण याच देशात आहे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, तेव्हा रुपयाचे १६ आणे जाऊन १०० नये पैसे झाले आणि एका आण्याला सव्वासहा नये पैसे असे अवघड प्रमाण बसले. त्या वेळच्या कायद्याने कोष्टक छापून दिले: एक आणा म्हणजे ६ नये पैसे, दोन आणे म्हणजे १२, तीन आणे म्हणजे १९, चार आणे म्हणजे २५. दोन आण्यांचे खरे तर साडेबारा होतात. सहा आण्यांचे साडेसदतीस. तो अर्धा पैसा सोडून द्यावा असा नियम होता, म्हणजे देणाऱ्याच्या बाजूने. फसवणूक तेव्हाही झाली असेल; बाजार तो बाजारच. पण आपल्याला फसवले हे आण्याचा हिशेब जाणणाऱ्या म्हातारीला त्या कोष्टकावर बोट ठेवून सांगता येत होते. २०११ मध्ये असे बोट ठेवायला काहीही नव्हते. गंमत अशी की, त्याच वर्षी आवेष्टित मालाच्या नियमांत छापील किमतीसंबंधी स्पष्ट लिहिले गेले की, ५० पैशांच्या आतला अपूर्णांक मागच्या रुपयावर आणि ५० च्या वरचा ९५ पर्यंतचा अपूर्णांक ५० पैशांवर आणावा. पुडीतल्या मालाला नियम, आणि सुट्या तेलाला, डाळीला, साखरेला, गरीब माणूस जे पावशेराने घेतो त्याला, काही नाही! तिथे दुकानदाराची मर्जी आणि बरणीतली गोळी. ही गोळी म्हणजे महाराष्ट्राच्या किराणा दुकानांनी पाडलेले खासगी नाणे होय. गिऱ्हाइकाला ते घ्यावे लागते. पण त्याच दुकानात दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या पुढे करून रुपया फेडू म्हटले, तर दुकानदार हसतो.

भोर तालुक्यातील भोंगवलीसारख्या गावात हा हिशेब कसा चालतो ते पाहावे. पहाटे दूध संकलन केंद्रावर जाते. तिथे यंत्र फॅट आणि एस.एन.एफ.चे आकडे दाखवते, आणि ठरलेल्या प्रतीपेक्षा एकेक पॉइंट खाली गेला की लिटरमागे काही पैसे कापले जातात. पैसे, रुपये नव्हेत. ज्या पैशाचे नाणे बाद झाले, जो पैसा बाजारात कोणी कोणाला देऊ शकत नाही, तो पैसा इथे ठणठणीत जिवंत आहे. समजा, घरातून रोज १० लिटर दूध जाते आणि कपात लिटरमागे आठ आण्यांची झाली, तर दिवसाला ५ रुपये, महिन्याला १५० आणि वर्षाला १,८२५ रुपये होतात. कापणाऱ्याला एका पैशाचाही विसर पडत नाही. त्याच्या वहीत पैशाला लिटरने गुणले जाते, लिटरला गावाने आणि गावाला तालुक्याने. मग तीच बाई संध्याकाळी दुकानात जाते. सामानाचे ४७ रुपये ५० पैसे होतात आणि तिच्याकडून ४८ घेतले जातात. इथे मात्र पैसा मेलेला असतो. "आठ आण्याचं काय घेऊन बसलीस?" असे तिलाच ऐकवले जाते. दूध घालताना तिला हे कोणी म्हणत नाही.

पैसा बलवानाच्या वहीत जिवंत आणि दुर्बळाच्या मुठीत मेलेला, अशी ही दुहेरी नाणेपद्धती आहे. तिच्यात अलीकडे तिसरी पायरी आली. २०१६ मध्ये यू.पी.आय. सुरू झाले आणि हातात मोबाइल असणारा ४७ रुपये ५० पैसे बरोबर मोजून देऊ लागला. त्याच दुकानात, त्याच मालाला, रोख देणारी म्हातारी किंवा शेतमजूर ४८ देतो. पूर्वी निदान फसवणुकीत समानता होती. आता तिच्यावर अर्ध्या रुपयाचा कर बसला आहे, आणि तो गरिबीचा पुरावा पाहून वसूल होतो. 'डिजिटल' व्यवहाराचे गोडवे गाणाऱ्यांनी या कराची नोंद कोणत्या अर्थसंकल्पात केली आहे?

सार्वजनिक संस्थांचा कारभार काही आदर्श नाही; तरीही त्यांच्याकडून एक गोष्ट शिकण्याजोगी आहे. राज्य परिवहन महामंडळाने जून २०१८ मध्ये तिकिटे पाचाच्या पटीत आणली, तेव्हा ७ रुपयांचे तिकीट ५ ला आणि ८ रुपयांचे १० ला, असा नियम उघडपणे सांगितला. तो पटो वा न पटो, त्यात कधी प्रवासी सुटे, कधी महामंडळ. वाहकाला आपल्या मर्जीने वर ओढण्याची मुभा नव्हती. जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीत साध्या गाडीचे सहा किलोमीटरच्या टप्प्याचे भाडे १० रुपये ५ पैसे ठरले. म्हणजे पाच पैसे अजूनही सरकारी हिशेबात आहेत, फक्त ते कोणाच्या हातात पडत नाहीत. वीज मंडळाच्या काळापासून वीजबिल पूर्णांकात घेण्याची आणि उरलेले पैसे पुढच्या बिलात जमा वा थकबाकी म्हणून दाखवण्याची पद्धत आहे. वस्तू व सेवा कराच्या २०१७ च्या कायद्यातही ५० पैसे व त्यावर असेल तर पुढचा रुपया, कमी असेल तर सोडून द्यावे, असे कलम आहे. सरकारला स्वतःच्या वसुलीसाठी पूर्णांकाचा नियम सुचतो, तो भोंगवलीच्या गिऱ्हाइकासाठी का सुचू नये?

चिल्लर बाबींत वेळ कशाला घालवायचा, असे म्हणणारे पक्षातही आहेत. त्यांना डॉ. राममनोहर लोहियांची आठवण करून द्यावी लागेल. ऑगस्ट १९६३ मध्ये लोकसभेत त्यांनी पंडित नेहरूंच्या सरकारला जाब विचारला तो आण्यांतच. देशातील २७ कोटी माणसे दिवसाला तीन आण्यांवर जगतात, असे त्यांचे म्हणणे. सरकारपक्षाचा आकडा पंधरा आण्यांचा. आणा कायद्याने जाऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती, तरी दारिद्र्याचे मोजमाप आण्यातच करावे लागले, कारण ज्यांच्याविषयी तो वाद होता त्यांचा दिवस आण्यांतच मोजला जात होता. लहान नाणे म्हणजे लहान प्रश्न, हे समीकरण लोहियांनी मानले नाही. जाता जाता हेही नोंदवावे की, ज्या भोर संस्थानात आजचा हा मुलूख मोडत होता, त्याने १८७९ मध्ये काढलेल्या टपाल तिकिटांत एक अर्ध्या आण्याचे होते. अर्धा आणा म्हणजे दशमान हिशेबाने जेमतेम तीन पैसे. त्याची किंमत आज शून्य झाली ती नाण्याच्या दोषाने नव्हे. भाववाढीने ती खाल्ली. आणि भाववाढीत मजुरी नेहमी मागे राहते, नफा पुढे. पैशाला मोल उरले नाही म्हणून तो काढा, असे म्हणणाऱ्यांनी त्याचे मोल कोणी नेले हेही सांगावे.

खर्चाचा मुद्दा उरतो. एक रुपयाचे नाणे पाडायला १ रुपया ११ पैसे लागतात, असे टांकसाळीने २०१८ मध्ये माहिती अधिकारात कळवले होते, तेव्हा अधेली तोट्यातच असणार, हे उघड आहे. पण नाणे एकदा खर्चून संपणारी वस्तू नव्हे; ते वर्षानुवर्षे हजारो हातांतून फिरते, म्हणून घडणावळीची तुलना त्याच्या अंगावरच्या आकड्याशी करणे हाच मुळात हिशेबाचा गोंधळ आहे. शिवाय नवी अधेली बाजारात दिसेनाशीच झाली आहे. जी पाडली जात नाही तिच्या खर्चाचा आक्रोश कशासाठी? परदेशांचा दाखला द्यायचाच तर पुरा द्यावा. कॅनडाने फेब्रुवारी २०१३ मध्ये एक सेंटचे नाणे वाटणे थांबवले, तेव्हा पूर्णांक एकेका वस्तूचा न करता एकूण बिलाचा करायचा, जवळच्या पाच सेंटवर आणायचा, आणि तोही फक्त रोखीत, असे आधी सांगितले. अमेरिकेने नोव्हेंबर २०२५ मध्ये चलनासाठीचा शेवटचा सेंट पाडला तो असा देशव्यापी नियम न करताच, आणि दुकानागणिक वेगळा हिशेब सुरू झाला. भारतीय अर्थमंत्रालय यांतील कोणता धडा गिरवणार, याविषयी २०११ चा अनुभव फारशी आशा ठेवू देत नाही.

म्हणून अधेली जाऊ नये, असा भावनेचा हट्ट धरण्याचे कारण नाही. ती जायची असेल तर जावी. पण आधी कायदा व्हावा आणि मग हुकूम निघावा. पूर्णांक एकूण बिलावर व्हावा, नेमका अर्धा रुपया उरला तर १९५७ प्रमाणे तो देणाऱ्याला सुटावा, आणि रोखीने देणाऱ्याला मोबाइलवाल्यापेक्षा एक पैसाही जास्त पडू नये. जमा नाणी बदलून देण्याचे काम टपाल कार्यालयांकडे आणि एस.टी.च्या वाहकांकडेही सोपवावे, मुदत किमान एका वर्षाची असावी. तोवर अधेली कायदेशीर चलन आहे. २०११ च्या नाणे कायद्याने ती १० रुपयांपर्यंतच्या देण्यात, म्हणजे वीस नाण्यांपर्यंत, चालते. ती नाकारणाऱ्या दुकानदाराला हे ऐकवण्याचे काम दिल्लीच्या हुकमावाचून आजच करता येते. दुधाच्या बाबतीत तर नाण्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. भोंगवलीच्या पुढच्या ग्रामसभेत दोन ठराव यावेत. एक, प्रत्येक संकलन केंद्राने पॉइंटमागे किती पैसे कापले याचा वेगळा रकाना रोजच्या पावतीवर छापावा आणि दहा दिवसांची बेरीज उत्पादकाच्या हाती द्यावी. दुसरा, गावातील दुकानांनी सुट्या पैशांचा नियम पाटीवर लिहून दर्शनी लावावा आणि गोळीची बरणी गल्ल्यापासून दूर ठेवावी.