पत, पावती आणि बेदरचा दरबार

क्रेडिट कार्डाचा अर्ज नाकारला गेला, यावर कोणी सांस्कृतिक लेख लिहितो का, असे काही वाचक विचारतील. विचारू द्यात. मराठीत 'पत' हा शब्द अब्रूच्या मांडीला मांडी लावून बसतो. मग कोणाची पत कोण ठरवतो आणि कशावरून ठरवतो, हा प्रश्न सांस्कृतिक नाही तर काय आहे?

आम्हां गोमंतकीयांना बिदर-कलबुर्गीचा मुलूख तसा परका नाही. गाणगापूरला दत्ताच्या पादुकांच्या दर्शनाला जाणारी कुटुंबे आपल्याकडे गावोगाव सापडतील. हुमनाबादजवळच्या माणिकनगरचे माणिकप्रभूही अनेकांना ठाऊक आहेत. पण तिथला माणूस पोटासाठी मडगावला किंवा पर्वरीला आला, की आपण त्याला 'घाटी' या एका शब्दात गुंडाळून मोकळे होतो. तो घरी कोणती भाषा बोलतो हे विचारायचे कष्टही घेत नाही. भालकी, औराद, बसवकल्याण आणि कलबुर्गीतला आळंद या तालुक्यांत पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारी घरे आहेत. १९५६ साली निजामाच्या जुन्या हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले, त्यातला हा म्हैसूर राज्यात गेला. सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागो.

तोवर तिथला तरुण पुण्याला, हैदराबादला, कधी गोव्यालाही नोकरीला जातो. पगार बँकेत जमा होऊ लागतो आणि एक दिवस फोन येतो, ''सर, तुमच्यासाठी कार्ड तयार आहे, फक्त कागद पाठवा.'' तो कागद पाठवतो. पंधरा दिवसांनी मोबाईलवर इंग्रजीत दोन ओळी येतात. बँक दिलगीर आहे, अंतर्गत धोरणानुसार अर्ज मंजूर करता येत नाही.

अंतर्गत धोरण! याला कारण म्हणायचे? दार लावून घेताना आतून 'दार लावले आहे' असे ओरडून सांगण्यासारखेच हे झाले. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली कार्डांविषयी जे निर्देश काढले, त्यांत अर्ज नाकारल्यास त्यामागचे नेमके कारण अर्जदाराला लेखी कळवावे, असे स्वच्छ म्हटले आहे. नेमके आणि लेखी. मॉलच्या दारात टेबल मांडून, पेट्रोलपंपावर अडवून कार्डे विकणाऱ्यांना हे दोन शब्द पाळणे जड जाते, यावर माझा विश्वास नाही. पाळले नाहीत तरी विचारणारा कोणी नाही, हे त्यांना पक्के माहीत आहे, एवढेच.

आता कारणे काय असू शकतात ते पाहा. या भागातल्या एकाच घरातले कागद काढून बघावेत. आजोबांच्या कागदावर हैदराबाद राज्य. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर जिल्हा गुलबर्गा. २०१४ साली जिल्ह्याचे नाव कलबुर्गी झाले, ते मुलाच्या आधार कार्डावर. शाळा मराठी माध्यमाची, म्हणून दाखला मराठीत; जमिनीचा उतारा कन्नडात; पॅन कार्ड इंग्रजीत. कन्नडातून इंग्रजीत गेलेले नाव आणि मराठीतून इंग्रजीत गेलेले नाव यांचे स्पेलिंग जुळले तर तो योगायोगच समजायचा. कायमचा पत्ता औरादचा, राहणे पुण्यात भाड्याच्या खोलीत. शिवाय काही बँका ठरावीक पिनकोडांनाच कार्डे देतात, तो प्रकार वेगळाच. म्हणजे माणूस तोच, पण यंत्राच्या लेखी तो दोन किंवा तीन माणसे असतो.

याहून अवघड गोष्ट जामीनकीची. चुलतभावाच्या ट्रॅक्टरच्या कर्जाला सही करणे हे गावात नाते निभावणे असते. हप्ते थकले की ती सही जामीनदाराच्याही पतनोंदीत डाग होऊन उतरते आणि पाच-सहा वर्षांनी कार्डाच्या अर्जात आडवी येते. पीककर्ज माफ झाले म्हणून घरात पेढे वाटलेले असतात, पण नोंदीत ते 'पूर्ण फेडले' असे न दिसता 'तडजोडीने मिटवले' असे दिसत असेल, तर पुढचा सावकार भुवया उंचावणारच. आणि ज्याने जन्मात कर्ज काढले नाही, त्याची गत तर विचारू नका. सिबिल ही संस्था २००० साली निघाली, पतमाहिती कंपन्यांचा कायदा २००५ चा. ३०० ते ९०० या पट्टीवर माणसाचे मोजमाप होते. बापजाद्यांनी ऋण नको म्हणून पोट मारले, त्यांच्या मुलाचा या पट्टीवर आकडाच नाही! केवळ कर्जाचा पूर्वेतिहास नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ च्या निर्देशांत बँकांना सांगितले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अर्थ राज्यमंत्र्यांनी ते लोकसभेतही सांगितले. पण कारणच कळवले नाही, तर नेमक्या याच सबबीवर नाकारले की नाही, हे अर्जदाराला कळावे कसे?

यावर आपल्याकडचा एखादा भाटकारी थाटाचा वाचक म्हणेल, ''अहो, बरे झाले नाकारले! ऋण काढून सण करायची सवय लागते.'' व्याजापुरते ते खरे आहे. बाकी थकली तर कार्डाचे व्याज दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास जाते, म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर. गावचा सावकारही काही वेळा याहून दयाळू निघेल. पण कार्ड घेणे शहाणपणाचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. नकाराचे कारण मिळणे हा निराळा मुद्दा आहे, आणि पहिल्याच्या आड दुसरा लपवणे ही लबाडी आहे.

पूर्वी माणसाची पत गाव जाणत असे, आता यंत्र जाणते, म्हणून सगळे बिघडले, असा गळाही मी काढणार नाही. ज्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणात, चालुक्य विक्रमादित्य सहावा राज्य करीत होता, तिथेच विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली. त्या स्मृतीत कर्जाचे प्रकरण आहे. तारण असेल तर महिन्याला ऐंशीवा भाग व्याज. तारण नसेल तर ब्राह्मणाला शेकडा दोन, क्षत्रियाला तीन, वैश्याला चार आणि शूद्राला पाच! जन्मावरून पत मोजण्याची ही पट्टी. (आजचे कार्ड या हिशेबाने क्षत्रिय आणि वैश्य यांच्या अधेमधे कुठेतरी बसते.) अन्याय उघडच आहे, पण तो निदान लिहिलेला होता. त्यामुळे त्याच्याशी भांडता येत होते, आणि पुढे त्याच कल्याणीत बसवण्णा आणि शरण मंडळी जन्माच्या मोजपट्टीशी भांडलीच. आजची पट्टी लिहिलेलीच नाही, किंवा लिहिलेली असून दाखवायची नाही. भांडायचे कशाशी?

नोंद खोटी असली तर काय होते, हेही बिदरलाच विचारावे. १४७२ साली ज्याने बहामनी राज्यासाठी गोवा जिंकला, तो महमूद गवान. १४८१ मध्ये त्याच्या शिक्क्याचे एक बनावट पत्र सुलतानापुढे ठेवले गेले. शिक्का खरा, मजकूर खोटा. चौकशी झाली नाही, मान गेली. बिदरमधला त्याचा मदरसा अजून उभा आहे.

आणि दामाजीपंतांची कथा आपण देवळातल्या कीर्तनांत किती वेळा ऐकली असेल! दुष्काळात मंगळवेढ्याची कोठारे लोकांना खुली केली, बेदरच्या बादशहाचे बोलावणे आले, आणि विठू महाराच्या रूपात विठ्ठलाने दरबारात जाऊन पैसे ओतले. भक्तिभावाने डोळे पुसताना एक तपशील आपल्या नजरेतून निसटतो. बेदरच्या दरबारातून देवसुद्धा पावती घेऊन निघाला. फेडीचा कागद हाती नसेल तर फेड झालीच नाही असे धरणारी दप्तरे तेव्हाही होती.

म्हणून नकार आला की लगोलग दुसऱ्या, तिसऱ्या बँकेत अर्ज टाकू नये. प्रत्येक अर्जाची चौकशी नोंदीत दिसते आणि धडाधड चौकशा झाल्या की आकडा आणखी घसरतो. आधी बँकेला पत्र लिहून नेमके कारण मागावे आणि पोच घ्यावी. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल फुकट मिळतो, तो काढून नाव, पत्ता, जामीनकी, जुनी कर्जे एकेक ओळ तपासावी. चूक असेल तर दुरुस्ती मागावी. ती तीस दिवसांत झाली नाही तर त्यापुढे दर दिवसाला शंभर रुपये भरपाई देण्याची तरतूद २०२४ पासून लागू झाली आहे. फेडलेल्या प्रत्येक कर्जाचा बेबाकी दाखला पेटीत असावा. कार्ड हवेच असेल तर मुदत ठेवीवर मिळते, ते तारणाचे कार्ड.

भाषेचा प्रश्न उरतोच. कार्डाच्या अटी धारकाला समजतील अशा, शक्यतो इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत असाव्यात, असे निर्देश सांगतात. बिदरमध्ये स्थानिक भाषा कन्नड, आणि ते रास्तच आहे. पण 'समजतील अशा' या शब्दांत भालकीचा मराठी माणूस बसतो की नाही? कोणती भाषा स्थानिक म्हणायची, हे १९८७ च्या राजभाषा कायद्यापासून गोव्यात आपण चघळत आलो आहोत, तेव्हा निदान आपल्याला तरी हा प्रश्न फोडून सांगायला नको.

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही, किंवा पुन्हा 'अंतर्गत धोरण' एवढेच कळवले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. 'मला कार्ड द्यायला लावा' ही मागणी तिथे टिकणार नाही, कारण तो बँकेचा व्यावसायिक निर्णय मानला जातो. मागायचे ते लेखी कारण. २०२१ च्या योजनेनुसार टपालाने येणाऱ्या तक्रारींसाठी चंडीगढला केंद्र उघडले आणि तिथे कोणत्याही भाषेतले पत्र चालते, असे ठरले. औरादहून मराठीतली अशी पत्रे चंडीगढला जाऊ द्यात, भरपूर जाऊ द्यात. फक्त पाकीट रजिस्टर करावे आणि पोस्टाची पावती जपून ठेवावी.