जॅकेट कोणाच्या पसंतीने?

हिवाळा आला की ब्लँकेटवाटपाचे फोटो वर्तमानपत्रांत झळकू लागतात. मधोमध पुढारी, आजूबाजूला कार्यकर्ते आणि हात पुढे केलेला एखादा वयस्क सफाई कामगार. आम्हाला या फोटोंचा आनंद होत नाही. भल्या पहाटे हजेरी लावून रस्त्यावर उतरणाऱ्या माणसाला ऊब हवी असते ती कामाच्या वेळी. ब्लँकेट पांघरून कोणी रस्ता झाडत नाही. त्याला हवे आहे थंडी अडवणारे आणि अंधारात चमकणारे जॅकेट. तेही दान म्हणून नव्हे, तर झाडू आणि हातगाडीसारखे कामाचे साधन म्हणून.

नागपूरचेच उदाहरण घ्या. उन्हाळ्यासाठी बदनाम असलेल्या या शहरात २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. डिसेंबर-जानेवारीत येथे सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो. झाडू त्याआधीच हातात आलेला असतो. रस्ते मोकळे असतात म्हणून वाहनेही सुसाट धावतात. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. चालकाला माणूस दोन सेकंद उशिरा दिसला, तर ३३ मीटर अंतर संपलेले असते. दुभाजकाला लागून, पाठमोरे वाकून झाडणाऱ्या बाईला मागची गाडी दिसत नाही. म्हणून त्या गाडीवाल्याला ती दिसलीच पाहिजे.

कागदावर सर्व काही आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत कामगारांना गणवेश, फ्लोरोसंट जॅकेट, हातमोजे, रेनकोट, योग्य पादत्राणे आणि मास्क देण्याचे बंधन घातले गेले. नियम करणाऱ्यांना पाऊस आठवला, थंडी मात्र आठवली नाही! त्यामुळे कामगाराच्या हाती बहुधा पडते ते जाळीचे, पातळ, बिनबाह्यांचे जॅकेट. गारठा वाढला की तो घरचा स्वेटर चढवतो. त्यावर जॅकेट बसत नाही, म्हणून ते आत जाते किंवा खुंटीवर राहते. भगिनी वरून शाल घेतात आणि चमकणारी पट्टी शालीखाली झाकली जाते. मग साहेब लोक म्हणतात, 'आम्ही देतो, पण हे लोक घालतच नाहीत.' आमचे स्पष्ट मत आहे की हा दोष कामगाराचा नाही, निवड करणाऱ्याचा आहे. थंडीने कुडकुडायचे की गाडीखाली यायचे, असा प्रश्न जी वस्तू माणसापुढे टाकते, तिला सुरक्षेचे साधन म्हणायचे तरी कसे?

तेव्हा निवड कशी करावी, हे आपल्या कामगार बांधवांनी समजून घेतले पाहिजे. जॅकेटचा भडक रंग आणि त्यावरची पट्टी यांची कामे वेगवेगळी आहेत. फ्लोरोसंट पिवळा किंवा नारिंगी रंग सूर्यप्रकाशातले, डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषतो आणि दिसणाऱ्या प्रकाशाच्या रूपात परत फेकतो. त्यामुळे उजाडताना आणि ढगाळ दिवशीही तो उठून दिसतो. रात्री मात्र त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. रात्री वाचवते ती पट्टी. तिच्यातले काचेचे बारीक मणी हेडलाइटचा उजेड जिथून आला तिकडेच, म्हणजे चालकाच्या डोळ्यांकडे, परत पाठवतात. बाजारात नुसती चंदेरी दिसणारी प्लास्टिकची पट्टीही मिळते. ओळखायची सोपी रीत अशी : अंधारात मोबाईलची बॅटरी डोळ्याजवळ धरून तीस पावलांवरून उजेड टाका. खरी पट्टी पांढरीशुभ्र पेटून उठते, खोटी राखाडीच राहते.

अशा कपड्यांसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस १५८०९ हे मानक आहे. आयएसओ २०४७१ या आंतरराष्ट्रीय मानकात तीन वर्ग आहेत. दुसऱ्या वर्गात चमकदार कापड किमान ०.५० चौरस मीटर आणि पट्टी ०.१३ चौरस मीटर लागते. तिसऱ्यात हेच आकडे ०.८० आणि ०.२० होतात. पट्टीची रुंदी किमान ५० मिलिमीटर हवी. वेगवान वाहतुकीच्या रस्त्यावर तिसऱ्या वर्गाचाच आग्रह धरावा. नुसत्या बंडीत तेवढे कापड आणि पट्टी बसवणे कठीण. म्हणजे बाह्या आल्या आणि बाह्यांबरोबर ऊबही आली. पाठीवर मात्र ठेकेदाराचे नाव किंवा पुढाऱ्याचा चेहरा नको. जेवढी जागा छपाईने व्यापली, तेवढे जॅकेट आंधळे झाले.

आता उबेचे पाहू. ऊब कापडाच्या वजनात नसते, कापडात अडकलेल्या हवेत असते. झाडताना अंग तापते, घाम येतो. कचऱ्याच्या गाडीची वाट पाहत उभे राहिले की तोच घाम गारठवतो. म्हणून हिमालयात शोभेल असा जाडजूड कोट आपल्या कामाचा नाही. वारा अडवणारे बाहेरचे जॅकेट आणि चेनने काढता येणारे उबदार अस्तर, ही जोडी बरी. ऊन वर आले की अस्तर काढावे. रंग आणि पट्टी अंगावर कायम राहतात. गळा बंद होईल अशी कॉलर असावी, म्हणजे वरून शालीची गरज उरत नाही. हात वर करताना, गाडी ओढताना बगलेत ताणू नये. साडीवर आणि पंजाबी ड्रेसवर नीट बसेल, कमरेशी आवळता येईल, असे बायकांचे माप वेगळे हवे. पुरुषाचे लहान माप म्हणजे बाईचे माप नव्हे. प्रत्येकाला दोन नग हवेत, कारण धुळीने माखलेली पट्टी चमकत नाही आणि एकच जॅकेट रोज धुऊन वाळत नाही. किती धुण्यांपर्यंत चमक टिकेल, याचा उल्लेख लेबलवर पाहावा आणि तेवढी धुणी झाली की नवे मागावे.

पण हे ठरवते कोण? टेंडर काढणारे! नमुना पाहणारा केबिनमध्ये बसतो आणि तो माल कधी पहाटे अंगावर घालत नाही. सर्वांत स्वस्त भाव मंजूर होतो आणि त्या स्वस्ताईची किंमत कामगार भरतो. नागपुरात २०२० पूर्वीच सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळे बांधली गेली. कामगार कुठे आहे हे व्यवस्थेला क्षणोक्षणी कळू लागले. तो थंडीने कुडकुडतो आहे, हे त्या घड्याळात कसे दिसणार? म्हणून आमची मागणी साधी आहे. खरेदीपूर्वी नमुने कामगारांना, त्यांतही महिलांना, पंधरा दिवस कामावर घालायला द्या आणि त्यांच्या पसंतीची नोंद टेंडरच्या फाईलमध्ये ठेवा. कायम कामगाराला एक आणि कंत्राटी कामगाराला दुसरे, हा भेद चालणार नाही; गाडीचा धक्का हजेरीपट पाहून बसत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनुसार सुरक्षेसाठी पुरवलेल्या साधनांचा आकार कामगाराकडून घेता येत नाही. जॅकेटचे पैसे पगारातून कापले जात असतील, तर जाब विचारलाच पाहिजे.

काही तरुण कामगार म्हणतात, 'हे घातले की जात दिसते.' या वेदनेकडे आम्ही दुर्लक्ष करू शकत नाही. पेशवाईत अस्पृश्यांच्या कमरेला झाडू आणि गळ्यात मडके होते, याची आठवण बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये करून दिली आहे. ती खूण माणसाला टाळण्यासाठी होती. जॅकेटची पट्टी माणसाला वाचवण्यासाठी आहे. वाहतूक पोलीस आणि विमानतळावरचे कर्मचारीही असेच जॅकेट घालतात, त्यांना कोणी जात विचारत नाही. मुकादम, निरीक्षक आणि अभियंता यांनीही रस्त्यावर येताना तेच जॅकेट घालावे. म्हणजे तो कामाचा पोशाख होईल, जातीचा राहणार नाही.

जॅकेट म्हणजे मुक्ती नव्हे, हेही आम्ही जाणतो. कोणतेही जॅकेट माणसाला गटारात उतरवण्याचा परवाना ठरू शकत नाही. पुढच्या पिढीच्या हातात झाडूऐवजी पुस्तक असावे, हे ध्येय कायम आहे. पण तोपर्यंत आजच्या पिढीने पहाटेच्या अंधारात मरायचे काय? १९३५ साली बाबासाहेबांनी मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ उभा केला, तो कामगाराने मालकापुढे हात न पसरता हक्क मागावा म्हणून. आपल्या युनियनांनी याच रस्त्याने जावे. थंडी पडल्यावर ओरड करण्यापेक्षा पावसाळ्यातच निवेदन द्यावे, नमुना मागवावा, अंधारात बॅटरी टाकून तपासावा आणि पसंत नसेल तर माल परत पाठवावा. जॅकेट घालणाऱ्याच्या सहीशिवाय त्याची खरेदी होता कामा नये.