करार झाला, पहारा संपलेला नाही

१६ सप्टेंबर हा जागतिक ओझोन दिन. १९८७ साली याच तारखेला ओझोन फस्त करणारी रसायने रोखण्यासाठीच्या मॉन्ट्रियल करारावर सह्या झाल्या आणि पुढे जगातल्या प्रत्येक देशाने तो मान्य केला. याचा अभिमान जरूर बाळगावा. मात्र नेमक्या याच दिवसांत अंटार्क्टिकावरच्या ओझोन थरातले भगदाड दरवर्षी नव्याने उघडत असते.

लांबलचक रात्र संपून तिथे सूर्य परतलेला असतो. हिवाळाभर उणे ७८ अंशांखाली गेलेल्या हवेत, वीसेक किलोमीटर उंचीवर, विशिष्ट ढग साचतात. जुन्या फ्रिजमधून, फवाऱ्याच्या डब्यांतून सुटलेल्या सीएफसी वायूंचे क्लोरीन त्या ढगकणांवर सक्रिय होते आणि ऊन पडताच ओझोन फस्त करू लागते. चिलीतल्या पुंता अरेनासवर हे भगदाड सरकले, की तिथल्या लोकांना भर वसंतात उन्हापासून जपावे लागते.

खरी चिंता डिसेंबरची आहे. ऑक्टोबरात सूर्य खाली असतो, शेवाळ बर्फाखाली झाकलेले असते. पण २०२० ते २०२३ या चारही वर्षी भगदाड डिसेंबरच्या उत्तरार्धापर्यंत टिकले. तेव्हा बर्फ वितळलेला, सूर्य माथ्याकडे चढलेला. अतिनील किरण थेट उघड्या जिवांवर पडतात. ऑस्ट्रेलियातल्या वणव्यांच्या धुराचाही २०२० च्या भगदाडात हात असल्याचे अभ्यासक सांगतात.

हे कळते, कारण कोणीतरी चिकाटीने मोजत असते. अंटार्क्टिकातल्या हॅली तळावर १९५६ पासून नोंदी होत राहिल्या, म्हणून फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन या शास्त्रज्ञांना १९८५ मध्ये ओझोनची ही घट जगापुढे मांडता आली. फुग्याला बांधून सोडायचे भारतीय ओझोनमापक हवामानशास्त्रज्ञ ॲना मणी यांच्या पुढाकाराने पुण्याच्या हवामान खात्यात घडले. अंटार्क्टिकातल्या ‘मैत्री’ या भारतीय तळावरूनही असे फुगे सुटले आहेत. बंदी असलेला सीएफसी-११ पूर्व चीनमध्ये पुन्हा हवेत सोडला जात होता, हेही अशाच मोजणीने उघड केले आणि मग तो आटोक्यात आला.

अंटार्क्टिकावरचा ओझोन थर १९८० च्या पातळीवर यायला २०६६ उजाडेल, असा संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाचा अंदाज आहे. तोवर ही मोजणी, तिचे तळ आणि तिथे राबणारी माणसे यांच्या खर्चाला कोणत्याही सरकारने कात्री लावू नये.